साडेएकोणतीस तास ऐकायचे

‘भाषण कौशल्य’ हा दोन क्रेडिटचा पेपर मी शिकवते. एका क्रेडिटला पंधरा तास, दोनाला तीस. वर्गात साठ मुलं. तीस तास साठ जणांत सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि तोही मी सबंध सत्र गप्प बसले तर. म्हणजे बोलायला शिकायचं म्हणून नाव घातलेलं मूल वर्गात फार तर अर्धा तास बोलतं. राहिलेले साडेएकोणतीस तास ते दुसऱ्यांचं ऐकत असतं, नाहीतर बाकाखाली मोबाइल बघत असतं.

हा हिशोब मी पहिल्याच वर्षी वहीत मांडला आणि तेव्हापासून माझं सगळं शिकवणं त्याच्याभोवतीच फिरत राहिलं. अर्ध्या तासाचं काय करायचं ते पुस्तकांत सापडतं. श्वास कसा घ्यावा, पाय कसे रोवावेत, सुरुवात कशी करावी, हात कुठे ठेवावेत. साडेएकोणतीस तासांचं काय करायचं ते अभ्यासक्रमाच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझी खात्री अशी झाली आहे की भाषण शिकवायची खरी जागा तीच आहे. ज्या वर्गाला ऐकता येतं त्या वर्गातली मुलं बोलायला लागतात. ज्या वर्गाला ऐकता येत नाही, तिथं मी कितीही चांगलं शिकवलं तरी पाठ केलेलं म्हणून दाखवण्यापलीकडे गाडी जात नाही.

आमचा भाग सांगली जिल्ह्यातला, द्राक्षाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर पदवीला कौशल्याचे छोटे छोटे पेपर लागू झाले, त्यांतला हा एक. मुलं त्याला नुसतं ‘एसईसी’ म्हणतात. हा पेपर घेणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची धास्ती असलेली मुलं असतात, लग्नसमारंभात निवेदन करून चार पैसे मिळवायची इच्छा असलेली असतात, गावच्या राजकारणात पाऊल टाकू पाहणारी असतात, आणि वेळापत्रकात दुसरं काहीच बसत नाही म्हणून आलेलीही असतात. मुली जास्त. बहुतेकींना संध्याकाळची एसटी गाठायची असते. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत हजेरी उतरते, पुढे डिपिंग सुरू झालं की पुन्हा उतरते, कारण एकेक घड औषधात बुडवून काढायला घरचे सगळे हात लागतात. या मुलांना कामाची लाज नाही आणि गप्पांची तर मुळीच नाही. तरी पहिल्या तासाला प्रत्येक वर्षी एकच वाक्य ऐकू येतं: “मॅडम, आपल्यात स्टेज डेअरिंग नाही.”

पहिल्या फेरीत मी काहीही सूचना देत नाही. विषय तुमचा, वेळ तीन मिनिटं. मग जे घडतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला तोंडपाठ असेल. मुलगा येतो, हात मागे बांधतो, नजर मागच्या भिंतीवर लावतो आणि एका दमात सुरू होतो: व्यासपीठावर उपस्थित असलेले सन्माननीय अध्यक्ष, गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आज मी आपणास जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती. समोर व्यासपीठ नसतं, अध्यक्ष नसतात. १ ऑगस्टला, १५ ऑगस्टला, ३ जानेवारीला, शाळेच्या पटांगणात उन्हात उभं राहून ही मुलं हेच म्हणत आली आहेत. शिक्षकांनी कागद लिहून दिला, आईनं पाठ करून घेतला, मुलानं म्हटला, टाळ्या झाल्या. समोरच्या पाचशे मुलांपैकी कुणी काही ऐकलं का, हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. शांतचित्ताने ऐकून घ्यावे अशी विनंती करणाऱ्याला, कुणीही ऐकत नाही हे बालवाडीपासून माहीत असतं. स्टेजची भीती म्हणतात तिचा मोठा भाग मला या अनुभवातून आलेला दिसतो. वर्षानुवर्षं आपण माणसांच्या एका भिंतीपुढे बोलत आलो आहोत आणि त्या भिंतीकडून काहीच परत येत नाही, याची ती भीती आहे.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून एक नियम लागू होतो. भाषण संपलं की टाळ्या नाहीत. मी हजेरीपटातून तीन नंबर काढते आणि त्या तिघांनी उभं राहून एवढंच सांगायचं: काय राहिलं? आत्ता ऐकलं त्यातलं तुझ्याजवळ काय राहिलं? ‘छान बोलली’, ‘आत्मविश्वास वाढवायला हवा’, ‘हातवारे कमी पडले’ हे काही चालत नाही. चूक सांगायची नाही आणि कौतुकही करायचं नाही. जे कानात उरलं असेल ते त्याच शब्दांत, नाहीतर स्वतःच्या शब्दांत परत द्यायचं. बोलणारा तिथंच उभा राहून ते ऐकतो. अंतर्गत गुणांतले निम्मे गुण मी बोलण्याला देते आणि निम्मे या परत देण्याला.

नंबर नंतर निघतो, त्यामुळे साठांपैकी कुणालाच निवांत बसता येत नाही. सुरुवातीचे दिवस कठीण जातात. एका मुलानं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यावर माहितीपूर्ण भाषण केलं होतं. शेततळं, नालाबांध, समतल चर, ठिबक, पर्जन्यमान, सगळं होतं. तिघं उभे राहिले. पहिल्याला काही आठवेना. दुसरी म्हणाली, पाणी महत्त्वाचं आहे असं म्हणाला. तिसरा म्हणाला, “त्याच्या मावशीच्या गावाला टँकर आला की पहिल्यांदा म्हातारी माणसं घागर लावतात, मग बाकीचे.” हे वाक्य भाषणाच्या कागदात नव्हतंच. मध्येच विसरला तेव्हा वेळ मारून न्यायला तो ते बोलून गेला होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. नाराज नव्हता तो, चकित झाला होता. आपण ज्यावर रात्र घालवली ते कुणापर्यंत पोचलं नाही आणि सहज निघून गेलेलं एक वाक्य पोचलं, हे मी शंभर वेळा सांगून त्याला पटलं नसतं. तीन वर्गमित्रांनी एका मिनिटात पटवलं. पुढच्या फेरीला त्यानं तोच विषय घेतला आणि टँकरच्या रांगेपासून सुरुवात केली. शेततळं त्यातही होतं, पण आता ते कशासाठी हवं ते ऐकणाऱ्याला आधी कळलेलं होतं.

हा नियम मी कुठल्या प्रशिक्षणातून आणला नाही. लहानपणी वडील मला व्याख्यानांना घेऊन जायचे. रात्रीची जेवणं उरकून माणसं यायची, सतरंजीवर बसायची, आणि दीड-दीड तास हलायची नाहीत. परतताना वडील वाटेत विचारायचे, “काय म्हणाले गं ते?” मी सांगायचे तेवढं ऐकून घ्यायचे, भर घालायचे नाहीत. दुसऱ्या वेळी मी आपोआप नीट ऐकायचे, कारण प्रश्न येणार हे ठाऊक असायचं.

मराठी वक्तृत्वाचा इतिहास सांगताना आपण वक्त्यांची नावं घेतो. मला त्यात ऐकणाऱ्यांचं काम फार मोठं वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. उन्हाळ्यात रोज नवा विषय आणि नवा वक्ता, आणि समोर तेच श्रोते. असा श्रोता काल काय ऐकलं ते आजच्या वक्त्याशी ताडून बघतो. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवानं व्याख्यान गल्लीत आणलं, पुढे वाचनालयांनी ते तालुक्याच्या गावी नेलं. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले, वणीचे राम शेवाळकर ही माणसं गावोगाव जाऊन बोलायची, ती या तयार झालेल्या कानांच्या भरवशावर. आमच्याच जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आले आणि शेतकऱ्यांपुढे शेतकऱ्यांच्या भाषेत बोलत राहिले. समोरच्याला बांधावरचं काय कळतं याची त्यांना जाण होती. देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी शाळेत असताना पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवल्याची हकीकत ‘कृष्णाकाठ’मध्ये आहे. ती मुलांना वाचायला दिली की त्यांना बक्षिसापेक्षा खेड्यातून पुण्याला जाऊन उभं राहण्याचं जास्त वाटतं. मला तेवढं पुरतं.

आता एका टाळकऱ्याबद्दल सांगायलाच हवं. वर्गात एक मुलगा होता, तिन्ही फेऱ्यांत मोजकं बोलला, पण परत देण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. बोलणाऱ्याची वाक्यं, त्यांचा क्रम, कुठे आवाज चढला, कुठे तो स्वतःच गडबडला, सगळं तो शांतपणे सांगायचा. विचारलं तेव्हा कळलं की गावोगावच्या सप्ताहांत तो कीर्तनाला टाळकरी म्हणून उभा राहतो. मी त्याला वर्गापुढे बोलावलं आणि म्हटलं, कीर्तनात तुम्ही मागे उभे राहून काय करता ते यांना सांग. त्यानं सांगितलं:

“महाराज चरण अर्धा सोडत्यात, आम्ही उचलतो. तेवढ्यात महाराज दम घेत्यात आणि फुडचं मनात जुळवत्यात. आम्ही उशीर केला तर त्यांची लय तुटती, आणि लवकर उचललं तर त्यांचं वाक्य मरतं. म्हणून त्यांच्या पाठीकडं बघायचं. खांदा जरा खाली आला की समजायचं, सोडणार.”

विराम घ्यावा असं वक्तृत्वाच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. किती घ्यावा, कशासाठी घ्यावा, हे इतक्या नेमकेपणी मी वाचलेलं नाही. त्याच्या म्हणण्यातून वर्गाला कळलं की थांबणं ही बोलणाऱ्याची एकट्याची गोष्ट नाही. तो थांबतो तेव्हा समोरच्यानं काहीतरी उचलायचं असतं. वारकरी कीर्तनात ते उघड दिसतं, कारण मागे टाळ वाजतात आणि चरण गळ्यातून निघतो. सभेत ते मनातल्या मनात होतं. पुढच्या आठवड्यात एक मुलगी भरभर बोलून गेली आणि नंबर नेमका याचा निघाला. तो म्हणाला, “मॅडम, राहिलं थोडं, पण हिनं आम्हाला जागाच दिली नाही.” त्या दिवसापासून ‘जागा दे’ हे वर्गाचं झालं. कुणी घाईनं सुटलं की मागच्या बाकावरून हळू आवाजात येतं, जागा दे. बोलणारा थांबतो, समोर बघतो, आणि पुढचं वाक्य आपोआप खालच्या पट्टीत येतं.

सगळ्यांनाच हे रुचतं असं नाही. महाविद्यालयाला ढाली आणून देणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ, शेरोशायरी जिभेवर. त्याचं भाषण संपल्यावर तिघांनीही आवाजाबद्दल सांगितलं, एकाला अर्धा शेर आठवला, आणि विषय काय होता यावर दोघांत मतभेद झाला. त्याला ते लागलं. तास संपल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, स्पर्धेत हे चालत नाही. तिथं परीक्षक वेगळं बघतात.” खरं होतं त्याचं. स्पर्धेत सात-आठ मिनिटं असतात, एक मिनिट उरलं की इशाऱ्याची घंटा होते, परीक्षकांच्या तक्त्यात आशय, मांडणी, उच्चार, देहबोली असे रकाने असतात, आणि सकाळपासून तीस-चाळीस भाषणं ऐकून दमलेल्या माणसाला जागं करायचं असतं. तिथं आवाज लागतो, शेरही लागतो. स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या गरीब घरांतल्या किती तरी मुलांना मुंबई-पुण्याच्या मंचावर नेलं आहे, मला त्यांचा आदर आहे. पण ग्रामपंचायतीत, बँकेच्या मॅनेजरपुढे, शेतकरी गटाच्या बैठकीत आयुष्यभर बोलायचं असतं आणि तिथं ढाल मिळत नाही. त्याचं आणि माझं यावर एकमत झालेलं नाही. तो अजून स्पर्धा जिंकतो आणि जिंकल्यावर मला फोन करतो.

प्रश्न विचारणं हा ऐकण्याचा दुसरा भाग. एका मुलीनं ‘स्त्री सक्षमीकरण’ निवडलं होतं. दोन वाक्यांनंतर ती थांबली ती थांबलीच. साठ जण गप्प. मी म्हटलं, बस, घाई नाही, कालपासून आजपर्यंत घरी काय झालं तेवढंच सांग. ती म्हणाली, रात्रभर जागे होतो, बागेत होतो, पाऊस झाला. नोव्हेंबरातला अवकाळी होता तो. एवढं बोलून ती पुन्हा थांबली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं:

“किती दिवसाची बाग होती?”

द्राक्षवाल्यांना या प्रश्नाचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. छाटणीपासून दिवस मोजतात. किती दिवसांची बाग आहे हे कळलं की ती पोंग्यात आहे, फुलोऱ्यात आहे की मणी धरलेत ते कळतं, आणि पावसानं काय नुकसान केलं असेल त्याचा अंदाज येतो. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अडतीस.” वर्गातून एक सुस्कारा आला. म्हणजे ऐन फुलोरा. मग तिला कुणी थांबवू शकलं नसतं. वाफसा नव्हता, ट्रॅक्टर बागेत घालता येईना, म्हणून पंपाची नळी ओढत हातानं फवारणी केली, वडील पुढे आणि ती मागे नळी सोडवत. पहाटे पानं बॅटरीच्या उजेडात बघितली, तेलकट डाग दिसतात का ते. डावणीचा रोग आला तर घडच जातो. कुठली औषधं कुठल्या क्रमानं मारली तेही तिनं सांगितलं. दुसऱ्या एका मुलानं विचारलं, बोर्डो का नाही मारलं? ती म्हणाली, फुलोऱ्यात मारलं तर फूल भाजतं म्हणून काका नको म्हणाले. तीन मिनिटांची दहा मिनिटं झाली, मी घड्याळ बघितलं नाही.

या तासाबद्दल एक गोष्ट मला नीट नोंदवून ठेवायची आहे. त्या मुलीला बोलतं मी केलं नाही. माझं ‘घरी काय झालं ते सांग’ ऐकून ती दोन वाक्यं बोलून थांबलीच होती. तिला बोलतं केलं ते त्या प्रश्नानं. ज्याला विषय कळतो आणि ज्यानं नीट ऐकलं आहे तोच असा प्रश्न विचारतो. मला तो सुचला नसता.

त्यानंतरचा आठवडा अवघड गेला. आपल्या घरचं सांगितलं की वर्ग ऐकतो, असा निष्कर्ष मुलांनी काढला आणि एकामागून एक दुःखाच्या कहाण्या सुरू झाल्या. वडिलांचं व्यसन, कर्ज, आजारपण. काही खऱ्या होत्या आणि त्या सांगताना मुलं खोलवर दुखावत होती. काही मात्र रचलेल्या होत्या. मी थांबवणार होते, पण वर्गानंच ते केलं. अशा एका भाषणानंतर नंबर आला ती मुलगी सरळ म्हणाली, “मला त्याचं रडणं आठवतंय, पण झालं काय ते आठवत नाही.” त्यावर आम्ही एक पूर्ण तास बोललो. घरातलं किती सांगायचं, कुणाचं सांगायचं, आईला न विचारता तिची गोष्ट साठ जणांत न्यावी का. मला वाटतं, सगळ्या सत्रातला तो सर्वांत गरजेचा तास होता. आजकाल मंचावर स्वतःच्या जखमा उघड्या करून टाळ्या घेण्याची रीत पडत चालली आहे आणि कोवळ्या वयात तिची गोडी लागते. माझ्या मुलांना ती लागू नये असं मला मनापासून वाटतं.

सत्राच्या मध्यावर आम्ही बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मराठी अनुवादातून वाचतो, एकेकानं एकेक परिच्छेद, मोठ्यानं. वाचून झालं की तोच प्रश्न. दर वर्षी जवळजवळ सगळ्यांजवळ एक गोष्ट राहते: २६ जानेवारी १९५० ही तारीख, आणि त्या दिवसापासून राजकारणात समता व सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण शिरणार आहोत हा इशारा. मग आम्ही मागे जातो आणि ते का राहिलं ते शोधतो. भाषणाची सुरुवात कोरड्या हिशोबाची आहे. संविधान सभेला दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस लागले, मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढा वेळ का लावला, या टीकेला ते आकड्यांनी उत्तर देतात. इतरांनी केलेल्या कामाचं श्रेय नावं घेऊन त्यांना देतात. हे सगळं ऐकून घेतलेल्या माणसाचा विश्वास बसतो, आणि मग इशारे येतात. एका मुलीनं म्हटलं होतं, आधी हिशोब दिला म्हणून पुढचं कडू ऐकून घेतलं. मी तिच्या परवानगीनं हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहिते.

माइकबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, एक सोडून. आमच्या सभागृहात अहुजाचा माइक आणि लोखंडी स्टँड आहे. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवायचं, कागदात मान घातली की आवाज गायब होतो, माइकचं तोंड स्पीकरकडे वळलं की शिट्टी वाजते, हे मुलं एका तासात शिकतात. पण स्टँड नेहमी आधीच्या उंच माणसाच्या मापानं लावलेला असतो. माझ्या मुली त्याच्याखाली उभ्या राहून, हनुवटी वर करून बोलायच्या, नाहीतर शिपाई मामा येऊन नीट करतील म्हणून वाट बघायच्या. आता प्रत्येक मुलीनं बोलण्याआधी स्वतः पेच सैल करायचा, स्टँड आपल्या उंचीला आणायचा, पेच आवळायचा आणि मगच तोंड उघडायचं, असा दंडक आहे. तेवढा वेळ सगळे थांबतात. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतात. दुसऱ्यांदा बहुतेकींचे थरथरत नाहीत.

या पेपरातलं मला सर्वांत प्रिय काम वर्गाबाहेरचं आहे. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असं कायदा सांगतो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा शंभर मतदार, यांतला कमी आकडा लागतो, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणजे माझ्या वर्गातली बहुतेक मुलं सदस्य आहेत आणि हे त्यांना माहीत नसतं. काम एवढंच: आपापल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसायचं, बोलायचं नाही, आणि तक्ता भरायचा. कोण बोललं, उभं राहून की बसून, साधारण किती वेळ, मध्ये कुणी तोडलं का, त्याला उत्तर मिळालं का, आणि जमलं तर इतिवृत्तात त्यातलं काय उतरलं.

हे तक्ते वाचणं मला कादंबरी वाचण्याइतकं गुंतवतं. पुरुष उभे राहून बोलतात, बायका बसल्या जागेवरून शेजारणीला सांगतात आणि शेजारचा कुणी पुरुष ते मोठ्यानं मांडतो, असं एका मुलीनं लिहिलं होतं. दुसरीच्या गावी महिलासभा झाल्याची नोंद होती, पण तिच्या आईला किंवा आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. एकानं लिहिलं, ‘सगळ्यात जास्त वेळ आभाराला लागला.’ प्रश्न विचारणारे बहुतेक जण उत्तराची वाट न बघता बसतात, हे तर अनेकांच्या तक्त्यांत होतं. ते मी वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, असं का होत असेल? टाळकरी म्हणाला, “त्यांना सवाल करायचा असतो, उचलायचं नसतं.”

त्या वर्गातल्या एका मुलीनं पुढच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रश्न विचारला. तोवर आमचं सत्र संपलं होतं, गुणांचा संबंध नव्हता. प्रश्न साधा होता, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? सरपंच म्हणाले, वेळोवेळी धुतो, टीसीएल पावडरही टाकतो, काळजी नसावी. इथं बहुतेक जण बसतात. ती उभी राहिली आणि वर्गात जे करायची सवय लागली होती तेच तिनं केलं, ऐकलेलं परत दिलं. “म्हणजे तुम्ही म्हणालात की टाकी वेळोवेळी धुतली जाते. शेवटच्या वेळेची तारीख नाही सांगितलीत. ती सांगा, नाहीतर तारीख उपलब्ध नाही असं ग्रामसेवक भाऊसाहेबांना लिहून घ्यायला सांगा.” मागून कुणीतरी तिच्या वडिलांचं नाव घेऊन काहीतरी बोललं. ती बसली नाही. महिलांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, लिवून घ्या की, एवढं काय. भाऊसाहेबांनी लिहिलं.

तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. मी तिला विचारलं, सभेनंतर लोकांजवळ काय राहिलं? ती म्हणाली, “आत्या सगळ्यांना सांगत सुटलीय की हिनं तारीख मागितली.” आता त्या टाकीवर धुतल्याची तारीख रंगानं लिहिलेली असते. या वर्षीच्या २ ऑक्टोबरच्या तक्त्यात मी ठरावाच्या क्रमांकाचा एक रकाना वाढवला आहे, आणि त्याशेजारी, तो ठराव तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचला का, हा दुसरा.